रुंद चाके, बुटकी गाडी : हौसेमागचा हिशेब

टॅम्पिनीसमधल्या कोणत्याही बहुमजली कारपार्कमध्ये शनिवारी संध्याकाळी एक फेरी मारली, तर दोन जातींच्या गाड्या दिसतात. पहिली आपल्यासारख्या संसारी माणसांची : कारखान्यातून आली तशीच, मागच्या काचेला मुलीच्या शाळेचे स्टिकर. दुसरी जमिनीला जवळजवळ टेकलेली, रुंद टायर आणि चकचकीत रिम मिरवणारी. ही दुसरी जात पूर्वी आपल्या मंडळींत फारशी नव्हती. आता मुले नॅशनल सर्व्हिस आटोपून, नोकरीला लागून जुनी गाडी घेतात आणि घरात प्रश्न येतो, "बाबा, रिम बदलू का? गाडी थोडी खाली करू का?"

यावर "काही नको, गाडी नीट चालली आहे ना?" हे उत्तर सोपे आहे, पण ते ऐकून मुलगा परस्पर जोहोर बाहरूच्या एखाद्या गॅरेजात जाऊन काम उरकून येतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर वही-पेन्सिल घेऊन बसावे. हा विषय आवडीनिवडीचा जितका आहे, तितकाच साध्या भूमितीचा आहे, आणि भूमितीत आपण मराठी माणसे सहसा मागे नसतो.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूला १९५/६५ आर १५ ९१ व्ही असे काहीतरी कोरलेले असते. १९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदतात! ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरने ६१५ किलोपर्यंत भार पेलावा. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा.

आता संपूर्ण चाकाचा व्यास काढू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची-खालची भिंत मिळवली की ६३४.५. रिम मोठे केले तर भिंत त्या प्रमाणात आखूड करायची आणि हा एकूण व्यास जवळपास तोच ठेवायचा, हा पहिला नियम. २२५/४५ आर १७ चा व्यास येतो ६३४.३, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. पण दुकानदाराने "स्वस्तात आहे" म्हणून २२५/५० आर १७ पुढे केला, तर व्यास ६५७ च्या घरात जातो, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. मग काटा ९० दाखवत असताना गाडी पूर्वी जेवढ्या वेगाने जाई, त्याहून तीनेक किलोमीटर जास्त वेगाने धावते. पीआयईवरचा कॅमेरा ही सबब ऐकून घेत नाही.

भारांकही पाहावा. २१५/४५ आर १७ व्यासात बसतो, पण त्याच्या साध्या प्रकाराचा भारांक ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. मूळ टायरपेक्षा प्रत्येक चाकामागे ७० किलो कमी. त्याच मापाचा ९१ भारांकाचा जादा ताकदीचा टायर मिळतो, पण तेवढा भार पेलायला त्यात हवाही जास्त भरावी लागते. जुन्या सवयीने हवा भरली, तर विकत घेतलेली ताकद वाया जाते.

रिमवरचे आकडे

रिमवर ७.५जे, ईटी ३५, ५×११४.३ असे लिहिलेले असते. ७.५ ही रिमची रुंदी, इंचांत. ५×११४.३ म्हणजे पाच नटांची वर्तुळाकार मांडणी, व्यास ११४.३ मिलिमीटर. अनेक जपानी गाड्यांना ही चालते. फोक्सवॅगनला बहुधा ११२ लागते. "जवळपास बसते" हा प्रकार इथे नाही. बसते किंवा बसत नाही.

ईटी म्हणजे ऑफसेट, आणि गोंधळ होतो तो इथेच. रिम ज्या सपाट जागी हबला टेकते, ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला किती सरकलेली आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी जास्त, तर चाक गाडीच्या आत. ईटी कमी, तर चाक बाहेर.

समजा मूळ टायर १९५ चा, ईटी ४५. नवा टायर २२५ चा. रुंदी ३० ने वाढली, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे १५-१५. नव्या रिमचा ईटीही ४५ असेल, तर टायर आत १५ आणि बाहेर १५ मिलिमीटर सरकेल. ईटी ३५ असेल, तर सगळे चाक आणखी १० ने बाहेर जाते : बाहेर २५, आत फक्त ५. नावापुरत्या रुंदीवरचा हा हिशेब आहे. रिम आणि टायरची कंपनी यांनुसार थोडा फरक पडतो. पण गाडीत आतल्या बाजूला स्ट्रटपर्यंत आणि बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते पट्टीने मोजले, की कुठे घासेल हे खरेदीआधीच कळते. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे मडगार्ड पाहून टायर पसरावा.

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आसावर घट्ट बसावा लागतो, तसेच इथेही आहे. बाजारातल्या बऱ्याच रिमचे मधले छिद्र ७३.१ मिलिमीटरचे असते, कारण ते अनेक गाड्यांना चालावे. टोयोटाचा हब बहुधा ६०.१ चा, होंडाचा ६४.१ चा. मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी मिळते. ती नसली तर चाक नेमके मध्यावर बसेलच असे नाही, आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरू लागते. नटांचेही तसेच : काहींची बैठक शंकूसारखी, काहींची गोल, काहींची सपाट. रिमला जी बैठक आहे तेच नट हवेत. ते टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

गाडी खाली बसवली की काय होते

आखूड स्प्रिंग घालून गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी झुकते. हा फायदा खरा आहे. पण खड्ड्यात चाक वर उचलले जाण्यासाठी जी जागा होती, त्यातले हे ३० मिलिमीटर आधीच खर्च झाले. उरलेल्या जागेत तोच धक्का सोसायचा, तर स्प्रिंग कडक हवी आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला साजेसा हवा. जुन्या स्प्रिंगच कापून गाडी खाली करणारे महाभाग असतात. त्यांच्या गाडीत बसू नये.

दुसरे, गाडी खाली गेली की चाकांचा कोन बदलतो. वरची बाजू आत झुकते आणि चाकांची दिशाही किंचित बदलते. म्हणून हे काम झाल्यावर अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. नाहीतर टायरची आतली कड झिजते, आणि ती बाहेरून दिसत नाही. बाहेरून टायर नवाकोरा, आतून तारा उघड्या पडलेल्या! महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड हाताने चाचपावी. सिंगापुरात खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि ती आतल्या कडेलाही लागू आहे.

आता दोन्ही फेरफार एकत्र पाहा. स्ट्रट चाकाबरोबरच वरखाली होतो, म्हणून आतली फट गाडी उभी असतानाही मोजता येते. बाहेरची फट मात्र फसवी. रिकामी गाडी कारपार्कमध्ये उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटे जागा दिसते. पण सुट्टीत आई, बाबा, आजी, नातवंडे आणि डिकीभर सामान घेऊन हीच गाडी मलाक्काला निघते. मलेशियाच्या महामार्गावर ताशी ११० ची मर्यादा. पुलाच्या सांध्यावर मागचे चाक वर उचलले जाते आणि मडगार्डची धारदार कड टायरच्या भिंतीला लागते. भिंत हा टायरचा सर्वांत नाजूक भाग. सगळी जोखीम या एका क्षणात साठलेली असते, आणि गॅरेजात ती कुणालाच दिसत नाही.

म्हणून चाचणी भरल्या गाडीची घ्यावी. पाच माणसे बसवावीत, मडगार्डच्या आतल्या कडेला मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवावी, कारपार्कच्या उतारावरून आणि गतिरोधकावरून सावकाश जावे, दोन्हीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवावे. मातीवर टायरचा ठसा उमटला, तर चाक बसत नाही. तेव्हा मडगार्डची कड ठोकून वळवण्यापेक्षा अरुंद टायर घेणे शहाणपणाचे. वळवलेल्या कडेचा रंग तडकतो आणि या दमट हवेत तिथून गंज धरतो.

रुंद टायरची पकड

"रुंद टायर म्हणजे जमिनीशी जास्त संपर्क" असे समजले जाते. ढोबळमानाने पाहिले तर एका चाकावरचा भार भागिले टायरमधला हवेचा दाब म्हणजे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ. तेराशे किलोच्या गाडीला ते प्रत्येक चाकाखाली सुमारे १४० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे. रुंद टायरने पोस्टकार्ड फारसे मोठे होत नाही, आडवे होते. कोरड्या वळणावर हा आडवा ठसा उपयोगी पडतो. पण पाऊस असला की टायरला तेच पाणी जास्त रुंदीतून बाजूला सारावे लागते, आणि ते साधले नाही तर चाक पाण्यावर तरंगते. डिसेंबर-जानेवारीतल्या पावसात टीपीईवर हे आठवावे : रुंद टायरला वेग कमी हवा, जास्त नव्हे.

कायदा आणि विमा

सिंगापूरच्या एलटीएने फेरफारांचे तीन गट केले आहेत : परवानगी न लागणारे, परवानगी लागणारे आणि मनाई असलेले. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नये, ही अट ध्यानात ठेवावी. कामाआधी एलटीएच्या संकेतस्थळावरची यादी स्वतः वाचावी. गॅरेजवाल्याचे "सगळे करतात" हे प्रमाण नव्हे. तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी, आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी, गाडी तपासणीला न्यावी लागतेच. विमा कंपनीलाही फेरफार लेखी कळवावा. अपघातानंतर कळला तर दाव्यावर प्रश्नचिन्ह उभे राहते.

पुण्या-मुंबईत गाडी असलेल्यांसाठी एक सूचना. तिथे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. इथली हौस तिथे जशीच्या तशी नेऊ नये.

थोडक्यात, मुलाला नाही म्हणू नये. त्याला पाच आकडे आणायला सांगावेत : एकूण व्यास, भारांक, रिमची रुंदी, ईटी आणि भरल्या गाडीत उरणारी फट. पाचही आकडे जमले, तर हौस खुशाल करावी. एक जरी जमला नाही, तरी त्या हिशेबाच्या निमित्ताने बापलेक तासभर एका टेबलाशी बसले, हे काही कमी नाही.