इमारती लाकूड, राख आणि शासकीय धोरण

मराठीत लाकडाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात : इमारती आणि जळाऊ. हा भेद वनस्पतिशास्त्राचा नव्हे, उपयोगाचा आहे. एकाच बाभळीचा सरळ सोट इमारती ठरतो आणि वेडीवाकडी फांदी जळाऊ ठरते. घराचे मापही पूर्वी लाकडावरूनच सांगितले जाई. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. म्हणून घर दोनखणी किंवा पाचखणी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कृतघ्न माणूस आणि घर फिरल्यावर फिरणारे वासे हे भाषेत आजही नांदत आहेत. परंतु भुसावळ किंवा जळगाव येथे नव्याने बांधलेल्या घरात मोजावयास वासे उरलेले नाहीत. हा बदल सिमेंटच्या श्रेष्ठतेमुळे घडला, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण शासकीय धोरणात शोधावे लागते.

खानदेशातील जुने धाब्याचे घर वरवर पाहता मातीचे वाटते. वस्तुतः ते लाकडाचे असते. दगडी तळखड्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर आडव्या काटक्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना होय. धाब्याचा भार खांब वाहतात. भिंत केवळ आडोसा करते. यास्तव पावसात एखादी भिंत ढासळली तरी घर उभे राहते. सातपुड्यातील साग जवळ असल्यामुळेच ही पद्धती येथे रुजली.

या जवळच्या सागापासून माणूस दूर गेला तो कायद्यामुळे. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनांची व्यवस्था दृढ केली आणि १९२७ च्या अधिनियमाने तीच पुढे चालविली. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाने खाजगी जमिनीवरील सागासारखी अनुसूचित झाडे तोडण्यासही परवानगी आवश्यक केली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडास जास्तीत जास्त पर्याय शोधणे हे आपल्या मूलभूत उद्दिष्टांत गणले. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यास मनाई केली. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य कार्य-आयोजनेवाचून होणारी वनांतील तोड थांबविली. या साऱ्यांमागील हेतू वनरक्षणाचा होता आणि तो उचितच होता. वने झपाट्याने उघडी पडत होती. मात्र त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की, इमारती लाकूड हे इमारतीचे द्रव्य म्हणून शासनाच्या दृष्टीसमोरून नाहीसे झाले.

याच भूभागात दुसऱ्या एका द्रव्याला मात्र शासनाने हाताला धरून घरापर्यंत आणले. ते द्रव्य म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख. भुसावळजवळील दीपनगर येथे कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. त्यातील दोन संच प्रत्येकी ५०० मेगावॅटचे आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४० टक्के असते, तेव्हा राखेचे ढीग साचणे अटळ होते. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आत मातीच्या विटा पाडताना वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले आणि ती राख विनामूल्य देण्याचा भार केंद्रांवर घातला. २००३ मध्ये हे वर्तुळ १०० किलोमीटरांचे झाले, २०१६ मध्ये ३०० किलोमीटरांचे. दीपनगरापासून धुळे सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक अंतरावर आहे. म्हणजे प्रथम जळगाव या वर्तुळात आले आणि २०१६ मध्ये धुळेही आले. २०१६ च्या दुरुस्तीने १०० किलोमीटरांपर्यंतच्या वाहतुकीचा खर्चही वीजकेंद्रावर टाकला. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने जुन्या अधिसूचनांची जागा घेतली. तथापि वापराची सक्ती कायम राहिली.

येथे उत्तेजनाचे स्वरूप स्पष्ट दिसते. त्याला तीन अंगे आहेत : वापराचे बंधन, पुरवठ्याची हमी आणि दर्जाचे मानक. राखेच्या बाबतीत ही तिन्ही अंगे जुळून आली. लाकडाचे काय झाले? जुलै २०२० मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने २७ वर्षांची मनाई उठविली. मानकही उपलब्ध आहे. लाकडी बांधणीच्या आराखड्यासाठी भारतीय मानक ८८३ आहे आणि राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड व बांबू यांवर स्वतंत्र विभाग आहे. पण बंधन नाही आणि पुरवठ्याची योजनाही नाही. मनाई उठविणे म्हणजे उत्तेजन देणे नव्हे. बंद दार उघडले, एवढाच त्याचा अर्थ.

जपानचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. आगीच्या भयाने तेथील प्रतिनिधिगृहाने १९५० मध्ये शहरांतील इमारती अज्वलनशील करण्याचा ठराव केला आणि सार्वजनिक इमारतींतून लाकूड मागे हटले. दरम्यान युद्धोत्तर काळात लावलेली सूचिपर्णी वने तोडणीस आली. तेव्हा २०१० मध्ये कायदा करून कमी उंचीच्या सार्वजनिक इमारती लाकडाच्या बांधण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. २०२१ मध्ये त्याची व्याप्ती खाजगी इमारतींपर्यंत वाढविण्यात आली. वृक्ष आधी, आग्रह नंतर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

खानदेशात हे लाकूड यावयाचे कोठून? सातपुड्यातून नव्हे, हे उघड आहे. यावल येथे १९६९ पासून अभयारण्य आहे. ते शेताच्या बांधावरूनच येऊ शकेल. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाचा रोखही तोच आहे. परंतु स्वतः लावलेला साग तोडण्यासाठी ज्याला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, तो शेतकरी वीस-तीस वर्षे वाट पाहून झाड का वाढवील? बांबूच्या बाबतीत ही अडचण एका शब्दाने दूर झाली. १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेच्या व्याख्येतून २०१७ च्या दुरुस्तीने ‘बांबू’ हा शब्द गाळला आणि वनाबाहेरील बांबू केंद्रीय वनकायद्याच्या लेखी वृक्ष राहिला नाही. व्याख्येतील एका शब्दाचे आर्थिक वजन किती असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

लाकडाविरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत. वाळवी, आग आणि चोरटी तोड ही तिन्ही भये खरी आहेत. परंतु कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग हवेतून घेतलेला कार्बन असतो आणि तुळई टिकेल तोवर तो घरात बंदिस्त राहतो. सिमेंट व पोलाद यांच्या निर्मितीत मात्र तो हवेत सोडला जातो. हा हिशेब १९८८ च्या वननीतीपुढे नव्हता. आज तो टाळता येत नाही. तथापि त्याच्या आधारे केवळ वापराची सक्ती केली आणि बांधावरच्या झाडाची वाट मोकळी केली नाही, तर मागणीचा भार पुन्हा सातपुड्यावरच पडेल. राखेचा ढीग आधीच साचलेला होता; साग मात्र अजून वाढवावयाचा आहे. म्हणून लाकडाच्या धोरणाचा आरंभ बांधकाम खात्याच्या कचेरीत नव्हे, शेताच्या बांधावर व्हावयास हवा.