आधी मुक्काम, मग रस्ता: अमेरिकेतल्या कॅम्पिंगविषयीचे काही गैरसमज

दोघांनी गाडीत तंबू टाकायचा आणि एकामागून एक राज्यं ओलांडत अमेरिका बघायची, हा बेत तिथे राहणारी अनेक मराठी जोडपी आखतात. भारतातून महिनाभराच्या सुट्टीवर जाणारेही आता आखू लागले आहेत. हॉटेलच्या खोलीतून न कळणारा देश तंबूतून कळतो, असं माझं ठाम मत आहे. पण बहुतेक जण नकाशावर आधी रस्ता ठरवतात आणि रात्र कुठे पडणार याचा विचार शेवटी करतात. तो क्रम उलटा हवा. पुढचे बरेचसे गैरसमज या चुकीच्या क्रमातूनच जन्माला येतात.

"रस्ते चांगले आहेत, त्यामुळे दहा-बारा राज्यं सहज होतील"

रस्ते चांगले आहेत, यात शंका नाही. 1956 च्या कायद्यातून उभं राहिलेलं इंटरस्टेट महामार्गांचं जाळं देशभर पसरलेलं आहे. सम आकड्यांचे मुख्य महामार्ग पूर्व-पश्चिम धावतात, विषम आकड्यांचे उत्तर-दक्षिण. पण एकट्या टेक्सासमधून जाणारा आय-10 चा तुकडा सुमारे 1,400 किलोमीटरचा आहे. म्हणजे मुंबईहून दिल्ली गाठावी एवढं अंतर कापूनही तुम्ही त्याच राज्यात असता.

अंतराची खरी फसगत मात्र राष्ट्रीय उद्यानांत होते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि उत्तर काठ यांच्यात सरळ रेषेत जेमतेम 16 किलोमीटर आहेत. गाडीने एका काठावरून दुसऱ्यावर जायचं तर दरीला वळसा घालून सुमारे 345 किलोमीटर पडतात, आणि त्याला पाच तास लागतात. यलोस्टोनमधला इंग्रजी आठच्या आकाराचा मुख्य रस्ता सुमारे 229 किलोमीटरचा आहे. तिथे वेगमर्यादा ताशी 72 किलोमीटर असते, त्यातही गव्यांसारखे दिसणारे बायसन रस्त्यावर आले की अर्धा-पाऊण तास गाड्या जागच्या हलत नाहीत. नकाशावरच्या ॲपने सांगितलेल्या वेळेत निदान एक तृतीयांश भर घालावी. अंधार पडल्यावर अनोळखी जागी तंबू ठोकणं दोघांच्याही स्वभावाची परीक्षा पाहतं, म्हणून उजेडात पोहोचता येईल तेवढाच पल्ला धरावा.

पेट्रोलचंही तसंच. युटामध्ये आय-70 वर ग्रीन रिव्हर ते सलायना हा सुमारे 170 किलोमीटरचा पट्टा आहे. एवढा मोठा महामार्ग, पण मध्ये पेट्रोल पंप नाही, दुकान नाही. पश्चिमेत टाकी अर्धी झाली की भरून घ्यायची सवय लावावी. मोबाइलला रेंज असेल असं गृहीत धरू नये, नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. डेथ व्हॅलीत तर केवळ जीपीएसवर विसंबू नका, असं उद्यान प्रशासनच बजावतं.

"उन्हाळा आहे, जाड पांघरुणाची गरज नाही"

जुलैत अमेरिकेत उन्हाळा असतो हे खरं, पण कोणत्या उंचीवर? डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, जगातली अधिकृत विक्रमी नोंद तीच मानली जाते. जुलै महिन्यातच यलोस्टोनमध्ये मात्र रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरू शकतो. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. तिथे पहाटे स्वेटर लागतो आणि त्याच दिवशी खाली नदीकाठी जीवघेणा उकाडा असतो.

स्लीपिंग बॅग घेताना त्यावरचा आकडा नीट वाचा. प्रमाणित चाचणी केलेल्या बॅगेवर दोन तापमानं असतात: 'कम्फर्ट' आणि 'लोअर लिमिट'. पहिलं सरासरी स्त्रीच्या शरीरावरून ठरवतात, दुसरं सरासरी पुरुषाच्या. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा दुसरा असतो. त्यामुळे सारख्याच दोन बॅगा घेतल्या की एक जण शांत झोपतो आणि दुसरी रात्रभर कुडकुडते. शिवाय अंगातली उष्णता खालची जमीनही खेचून घेते. बॅगेखालच्या गादीवर 'आर-व्हॅल्यू' लिहिलेली असते. रात्री थंडी पडणार असेल तर ती चारच्या आसपास तरी हवी. नुसती हवा भरलेली जाड गादी मऊ असते, पण ऊब देत नाही.

मे महिन्यात निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. योसेमिटीमधला टायोगा रस्ता आणि ग्लेशियर उद्यानातला गोइंग-टू-द-सन रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतात. दुसरा तर पूर्ण उघडायला अनेकदा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो.

"संध्याकाळ झाली की दिसेल तिथे तंबू ठोकायचा"

एकीकडे लोकांना वाटतं की हे कुठेही चालतं. दुसरीकडे, आरक्षण मिळालं नाही की काहीच उरत नाही, असं समजून अनेक जण बेतच सोडून देतात. दोन्ही चुकीचं आहे.

राष्ट्रीय उद्यानांतली बरीचशी कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आरक्षित होतात, अनेक ठिकाणी सहा महिने आधी. प्रसिद्ध उद्यानांतल्या जागा आरक्षण खुलं होताच काही मिनिटांत संपतात. पण उद्यानाच्या हद्दीबाहेर बहुधा राष्ट्रीय वनं किंवा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जमीन असते. या ब्युरोकडेच सुमारे 24 कोटी 50 लाख एकर जमीन आहे. तिच्यावर पुष्कळ ठिकाणी आरक्षणाशिवाय आणि फुकट राहता येतं, साधारणपणे एका जागी 14 दिवसांपर्यंत. तिथे नळ नाही, शौचालय नाही, कचराकुंडी नाही. पाणी सोबत न्यायचं, माणशी दिवसाला चार लिटर तरी. कचरा परत आणायचा. शौचासाठी पाण्यापासून 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो बुजवायचा. जे एवढं करायला तयार आहेत, त्यांच्यासाठी अमेरिकेतला सर्वांत सुंदर मुक्काम हाच, असं मी म्हणेन.

मात्र ही सोय सगळीकडे नाही. नेवाडा राज्याची सुमारे 80 टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, आयोवाची एक टक्काही नाही. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला गेलात की जमीन बहुतांश खाजगी होते, आणि परवानगीशिवाय शेताच्या कडेला तंबू लावणं हा गुन्हा ठरू शकतो. तिकडे राज्य सरकारांची स्टेट पार्क शोधावीत. ती स्वच्छ असतात, अनेक ठिकाणी गरम पाण्याची आंघोळही मिळते. आपल्या लोकांमध्ये त्यांची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

महामार्गावरच्या विश्रांतीस्थळी गाडीत झोपणं चालतं का, याला देशभराचं एकच उत्तर नाही. कॅलिफोर्नियात आठ तासांची मर्यादा आहे, टेक्सासमध्ये 24 तासांची, काही राज्यांत रात्री थांबायलाच बंदी. मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर रात्र काढायची तर त्या दुकानाच्या व्यवस्थापकाला विचारावं लागतं.

"पास काढला की सगळं त्यात आलं"

'अमेरिका द ब्युटिफुल' या वार्षिक पासमध्ये केंद्र सरकारच्या उद्यानांचं प्रवेशशुल्क येतं, आणि तेही गाडीतल्या सगळ्यांचं. तंबूच्या जागेचं भाडं त्यात येत नाही. स्टेट पार्क त्यात येत नाहीत. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन या जागा नवाहो नेशन या मूळनिवासी राष्ट्राच्या आहेत, तिथेही तो चालत नाही.

जुन्या माहितीवर जाणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. 2026 च्या जानेवारीपासून हा पास अमेरिकेतल्या रहिवाशांना 80 डॉलरला आणि बाहेरून येणाऱ्यांना 250 डॉलरला मिळतो. ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन धरून 11 गर्दीच्या उद्यानांत, पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात. भारतातून गेलेल्या दोघांनी अशी दोन उद्यानं जरी बघितली तरी पास स्वस्त पडतो. नियम नवे आहेत, म्हणून निघायच्या आधी पुन्हा एकदा बघून घ्यावेत.

लायसन्सचाही गोंधळ असतो. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना मूळ लायसन्सची जागा घेत नाही. कॅलिफोर्निया तर त्या परवान्याला लायसन्स मानतच नाही, पर्यटकाचं मूळ भारतीय लायसन्स मात्र चालतं. गाडी भाड्याने देणारे तो मागू शकतात, म्हणून दोन्ही जवळ ठेवा. दोघंही गाडी चालवणार असाल तर दोघांची नावं करारात आहेत ना, हे काउंटरवरच पाहा.

"सगळ्यात मोठी भीती अस्वलाची"

घरच्यांचा पहिला प्रश्न अस्वलाचाच असतो, आणि ती काळजी समजण्यासारखी आहे. पण राष्ट्रीय उद्यानांत अपघाती मृत्यू होतात ते मुख्यतः वाहन अपघातांत, बुडून आणि उंचावरून पडून. यलोस्टोनमध्ये सर्वाधिक माणसांना जखमी केलेला प्राणी अस्वल नसून बायसन आहे. तो शांत चरताना दिसतो, माणसं फोटोसाठी जवळ जातात, आणि तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. त्याच्यापासून किमान 23 मीटर आणि अस्वल किंवा लांडग्यापासून किमान 91 मीटर अंतर ठेवणं हा तिथला नियम आहे. त्याहून घातक असतात ती तिथली गरम पाण्याची कुंडं. भोवतालची जमीन पातळ पापुद्र्यासारखी असते आणि खाली उकळतं पाणी. या कुंडांत आजवर 20 हून अधिक जणांचा जीव गेला आहे. लाकडी वाटेवरून एक पाऊलही बाजूला टाकू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते.

अस्वलाचं म्हणाल तर त्याला अन्न मिळू न देणं हीच खरी खबरदारी. योसेमिटीमध्ये रात्री गाडीत खाद्यपदार्थ ठेवायलाच बंदी आहे, कारण तिथली अस्वलं काचा फोडतात. कॅम्पमधल्या लोखंडी पेटीत सगळं ठेवायचं, आणि 'सगळं' म्हणजे टूथपेस्ट, साबण, डोक्याचं तेलसुद्धा. लसणाची फोडणी घातलेली कढई तशीच बाहेर राहिली तर तिचा वास लांबवर जातो. अस्वल दिसलं तर पळू नये, कारण त्याचा वेग ताशी 50 किलोमीटरच्या वर जातो. ग्रिझली जातीच्या अस्वलांच्या प्रदेशात त्यांना रोखणारा फवारा कमरेला असावा. तो विमानातून नेता येत नाही, तिथेच विकत घ्यावा लागतो. योसेमिटीमध्ये ग्रिझली नाहीत, आणि तिथे या फवाऱ्याला बंदी आहे.

शेकोटी आणि स्वयंपाक

शेकोटीशिवाय कॅम्पिंग कसलं, असं अनेकांना वाटतं. पश्चिमेत कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर वारंवार बंदी येते, कधी कधी कोळशाच्या शेगडीवरही. 2025 च्या जुलैमध्ये विजेमुळे लागलेल्या आगीत ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरचा जुना लॉज जळून गेला. त्यानंतर तरी या बंदीला कोणी अतिरेक म्हणू नये. आणि घराजवळून स्वस्तात लाकडं घेऊन पुढच्या राज्यात नेऊ नका. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किड्याने कोट्यवधी ॲश वृक्ष मारले, आणि तो दूरदूर पोहोचला त्यात जळाऊ लाकडांच्या वाहतुकीचा मोठा हात होता. लाकूड जिथे जाळणार तिथेच घ्यावं.

बंदी असतानाही गॅसचा छोटा स्टोव्ह बहुधा चालतो. यलोस्टोन सरोवराकाठी, सुमारे 2,350 मीटर उंचीवर, पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कच्ची राहते. दीड-दोन लिटरचा कुकर बरोबर असला की वरण-भाताचा प्रश्न मिटतो.

"रस्ता सगळ्यांना खुला होता, आणि जमीन रिकामी"

हा गैरसमज प्रवासाच्या सोयीचा नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोकळ्या रस्त्याची अमेरिकन कथा सांगताना रूट 66 चं नाव नेहमी येतं. तो 1926 साली सुरू झाला. त्याच काळात कृष्णवर्णीय जोडप्याला वाटेतल्या अनेक गावांत खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून अशा प्रवाशांसाठी सुरक्षित ठिकाणांची 'ग्रीन बुक' ही पुस्तिका काढली आणि ती तीस वर्षं निघत राहिली. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी 'लुइस माउंटन' हे वेगळं कॅम्पग्राउंड 1939 मध्ये उघडलं होतं. भेदभाव संपल्यावर ते सर्वांसाठी खुलं झालं, आणि आज तिथे कोणीही तंबू लावू शकतं.

जमीनही रिकामी नव्हती. योसेमिटीच्या दरीत 'अवानीची' या जमातीचे लोक राहत होते, 1851 मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावलं. माउंट रशमोरचं शिल्प ज्या ब्लॅक हिल्समध्ये कोरलं आहे, ते डोंगर 1868 च्या तहाने लाकोटा या मूळनिवासी लोकांसाठी राखून ठेवलेले होते. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन घेतल्याबद्दल भरपाई मान्य केली, पण लाकोटांनी ते पैसे घेतलेले नाहीत. त्यांना डोंगर परत हवे आहेत. ग्रँड कॅन्यनमधल्या मूळनिवासी हवासुपाईंना मात्र 1975 च्या कायद्याने सुमारे 1 लाख 85 हजार एकर जमीन परत मिळाली. त्यांच्या जमिनीवर आज त्यांच्या परवानगीनेच जाता येतं. नवाहो उद्यानांत ड्रोन उडवायला मनाई आहे. या भागांत जाल तेव्हा तिथलं शुल्क भरा, शक्य असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या, आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.