राडारोडा कुणाच्या नावावर?

पुण्यात त्याला राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. नाव कोणतंही घ्या, तो पडलेला सगळ्यांना दिसतो, टाकणारा मात्र कुणाला दिसत नाही. ओढ्याकाठची, टेकडीच्या पायथ्याची, खाडीतल्या तिवरांलगतची काल रात्रीपर्यंत मोकळी असलेली जागा उजाडेपर्यंत विटांच्या तुकड्यांनी, फुटक्या फरश्यांनी आणि प्लास्टरच्या खपल्यांनी भरून गेलेली असते. त्यात कुणाच्या स्वयंपाकघराचा ओटा असतो, कुणाच्या देवघराचा कोनाडा. घर उभं होतं तोवर खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल अशा सगळ्या कागदांवर मालकाचं नाव होतं. ते पाडलं, की त्याला वारस उरत नाही.

सध्या आपल्या शहरांत पुनर्विकासाची लाट आहे. सोसायटीच्या सभेत वाढीव क्षेत्रफळ, भाडं, कॉर्पस, बँक गॅरंटी आणि पार्किंग यांवर रात्री उशिरापर्यंत खडाजंगी होते. पाडलेली इमारत जाणार कुठे, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसतो. बँकेत असताना मी घरबांधणीच्या कर्जाची प्रकरणं पुष्कळ पाहिली. मालकीहक्क निर्वेध आहे का, मूल्यांकन बरोबर आहे का, हे आम्ही बारकाईनं बघत असू. पण राडारोड्यासाठी अर्जात रकाना नव्हता. घसारा धरत गेलं, की हिशेबात इमारतीची किंमत शून्याकडे जाते. तिचं वजन मात्र किलोभरही कमी होत नाही.

ते वजन किती? पक्की इमारत पाडताना दर चौरस मीटरला साधारण पाचशे किलो मलबा निघतो, असा अंदाज आपल्याकडे वापरला जातो. बाराशे चौरस मीटर बांधकामाची, सोळा बिऱ्हाडांची चारमजली इमारत धरली, तरी सहाशे टन झाले. म्हणजे दहा टनी डंपरच्या साठ फेऱ्या. आपल्या गल्लीतल्या एका साध्या इमारतीची ही गोष्ट.

जुन्या वाड्यांचं असं नव्हतं. वाडा उतरवला जाई. सागवानी खांब, तुळया, चौकटी, कड्या-कोयंडे सुटे निघत आणि दुसऱ्या घरात जाऊन बसत. चुना सिमेंटपेक्षा नरम, त्यामुळे चुन्यातली वीट घासून पुन्हा वापरता येई. जोत्याचा घडीव दगड तर वर्षानुवर्षं नवीच घरं पाहत असे. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरलेल्यांना मोडलेल्या घराचीही किंमत ठाऊक असते. सिमेंटच्या गिलाव्यातली वीट मात्र सुटत नाही, फुटते. आजही पाडकामाचा ठेकेदार सळया, दारं, खिडक्या, वायर यांचा भाव आधी ठरवून घेतो. जे विकलं जात नाही, तेच रात्री डंपरमध्ये चढतं.

वास्तविक तेही फुकट जाण्याजोगं नाही. यंत्रात ते भरडतात, चुंबकानं लोखंड वेचतात, चाळून-धुऊन खडी आणि वाळू वेगळी करतात. त्यातून पेव्हर ब्लॉक आणि पदपथाच्या कडेचे दगड होतात. दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. पुढे पुण्यासाठी वाघोलीला, तर मुंबईसाठी दहिसर आणि शीळफाटा इथे रोजच्या प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प उभे राहिले. अशा खडीवर भरवसा कसा ठेवायचा, असं विचारणाऱ्यांसाठी भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत उत्तर आहे. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम-१५ हून कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे ती वापरण्यास मुभा आहे.

अट एकच, माल वेगळा हवा. पीओपीच्या छताचा जिप्सम खडीत मिसळला, तर काँक्रीट बिघडतं. अॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडले, तर त्यांचे तंतू माणसांच्या फुप्फुसात जातात. पोकलेननं सगळं एकत्र लोळवायला दोन दिवस पुरतात. आधी छत, दारं, पत्रे, फरश्या उतरवायला दोन आठवडे लागतात. सगळा घोळ या दोन आठवड्यांच्या पैशांत आहे.

कायदा नाही, असंही नाही. २०१६ च्या नियमांनी महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा काढणाऱ्या कामाला तो वेगळा करण्याचं आणि आधी आराखडा देण्याचं बंधन घातलं होतं. त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांतली पुनर्वापराची वाढीव जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. आपली बाराशे चौरस मीटरची सोसायटी त्या चाळणीतून सहज खाली पडते. शहरात अशा सोसायट्या किती, ते मोजायला बसू नये.

आपण एकीकडे नदीतली वाळू उपसतो, डोंगर फोडून खडी आणतो, आणि दुसरीकडे त्याच नदीच्या पात्रात भिंती नेऊन टाकतो. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घराघरांत शिरलं. पाऊस मोठा होता, धरणातून विसर्गही झाला होता. पण अरुंद झालेल्या पात्राला ते पाणी पेलवत नाही, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. ज्यांच्या घरात ते शिरलं, त्यांनी कुणाची इमारत पाडली नव्हती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बिल्डरशी करार करताना त्यात आणखी एक कलम घाला: इमारत आधी सुटी करावी, मग पाडावी, मलबा अधिकृत केंद्रातच न्यावा, प्रत्येक फेरीची वजनपावती सोसायटीकडे द्यावी, सगळ्या पावत्या आल्याशिवाय पाडकामाचा शेवटचा हप्ता ठेकेदाराला मिळू नये. घरात फक्त फरशी बदलणाऱ्यानंही पोती कोपऱ्यावर ठेवण्याआधी महापालिकेची मलबा उचलण्याची सोय विचारावी. आणि मुळात धडधाकट फरशी उखडायची कशाला, हेही विचारावं. खर्च वाढेल, हे खरं. सोळा जणांत वाटला, तर तो नव्या घराच्या मॉड्युलर किचनपेक्षा कमीच भरेल. पुढच्या सभेत क्षेत्रफळावरचं भांडण संपलं, की कुणीतरी उठून विचारावं, "साठ फेऱ्या कुठे जाणार?" आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.