नगराचा जमाखर्च आणि नवे तंत्रज्ञान



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस नगरसेवा व नवे तंत्रज्ञान या विषयावर चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात डिचोलीच्या बाजारात, तांदूळ-डाळींच्या थप्प्यांमध्ये गेलेली. यंत्रशास्त्रातले आम्हांस काय कळावे? परंतु अधिक विचार करता असे ध्यानात आले की, या विषयाचा निम्मा भाग यंत्रांचा असला तरी उरलेला निम्मा हिशेबाचा आहे. आणि हिशेब हा तर आपल्या समाजाचा पिढीजात विषय होय. त्या बळावरच हे लेखन करीत आहोत.

‘स्मार्ट सिटी’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. केंद्र सरकारने ही योजना २५ जून २०१५ रोजी सुरू केली व देशातील १०० शहरे तीसाठी निवडली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या २० शहरांच्या यादीत आपल्या शेजारचे बेळगाव होते, तसेच पुणे व सोलापूर होते. आपली राजधानी पणजी त्याच वर्षीच्या मे महिन्यात यादीत आली. प्रत्येक शहरासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापावयाची, तिच्यात राज्य सरकार व नगरपालिका यांनी निम्मे-निम्मे भागीदार व्हावयाचे, आणि केंद्राने पाच वर्षांत सुमारे ५०० कोटी रुपये द्यावयाचे, अशी मूळ रचना होती. मुदती वाढत वाढत ही योजना ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाली. डिचोली, साखळी, पेडणे ही आपली गावे त्या यादीत नव्हती. तेव्हा ‘हा मोठ्यांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध?’ असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

या साऱ्या प्रकाराचे मूळ तत्त्व पाहू गेल्यास ते आपल्या रोजमेळात सापडते. दुकान चालविणाऱ्यास तीन गोष्टी रोज ठाऊक असाव्या लागतात : माल किती आला, किती गेला आणि किती उरला. ज्याला या तीन गोष्टी महिनाअखेरीस कळतात तो तोट्यात जातो. ज्याला त्या संध्याकाळी कळतात तो तरतो. नगराचेही तसेच आहे. पाणी किती आले व किती घरांत पोहोचले, कचरा किती निघाला व किती उचलला गेला, दिवे किती आहेत व किती पेटतात, हे ज्या नगरपालिकेस त्या त्या वेळी कळते तिची सेवा सुधारते. तंत्रज्ञान म्हणजे ही नोंद माणसाने न लिहिता आपोआप, क्षणोक्षणी लिहिणारा मुनीम होय. परंतु मुनीम कितीही हुशार असला तरी वही वाचून निर्णय करणे हे शेठचेच काम असते, हे विसरता कामा नये.

नव्या गोष्टींस आपण बिचकतो हे खरे. तथापि गेल्या काही वर्षांत आपणच किती शिकलो ते पाहावे. १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. आली, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यातून येणाऱ्या मालास ई-वे बिल लागू लागले. तेव्हा आमच्या पेढीवर आठ दिवस सुतकी चेहरे होते. आज हुबळी-बेळगावहून निघालेला ट्रक कोठे आहे हे आमचा नातू हातातील फोनवर पाहून सांगतो. रास्त भावाच्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२० पासून गोवा ज्या एक देश, एक शिधापत्रिका व्यवस्थेत सामील झाला तिच्यामुळे परराज्यातील मजुरास आपल्या येथे शिधा घेता येतो. साठीतले व्यापारी जर हे शिकले, तर नगरपालिकेस शिकणे अशक्य का असावे?

आता पाण्याचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांच्या घरातील आहे. धान्याच्या धंद्यात ‘तूट’ नावाची चीज आपणां सर्वांस परिचित आहे. शंभर पोती गोदामात आली आणि विक्री अठ्ठ्याण्णवांची झाली, तर उरलेली दोन कोठे गेली याचा शोध आपण घेतो : उंदरांनी खाल्ली, पोते फाटले, की काटा चुकला? पाण्याच्या बाबतीत हीच तूट कित्येक शहरांत फार मोठी असते. समजा, टाकीतून १०० घागरी सोडल्या आणि घरोघरच्या मीटरवर ६५ भरल्या. तर ३५ घागरी गळक्या नळांतून, बंद पडलेल्या मीटरांतून व चोरट्या जोडण्यांतून नाहीशा झाल्या. शुद्धीकरणाचा, पंपाचा व विजेचा खर्च मात्र १०० घागरींचाच झाला. टाकीच्या तोंडाशी एक मीटर, प्रत्येक वाड्याच्या नळावर एक मीटर आणि प्रत्येक घरी एक मीटर असा त्रिस्तरीय हिशेब ठेवला म्हणजे तूट कोणत्या वाड्यात आहे ते कळते, आणि सारा रस्ता न खणता नेमकी तेवढीच जागा खणता येते.

हे केवळ मोठ्या शहरांसच साधते असे नाही. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला लागून मलकापूर हे लहानसे गाव आहे. तेथील त्या वेळच्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने कोयना नदीच्या पाण्यावर चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभारली, आणि तीही स्मार्ट सिटी योजना जन्मण्यापूर्वी. नळांचे जाळे आधी संगणकावर मांडून पाहिले. घराघरांत असे मीटर बसविले की ज्यांचे आकडे बिनतारी यंत्राने दुरूनच वाचता येतात. आणि दर असे ठेवले की जो जेवढे अधिक पाणी वापरील त्याला पुढच्या पाण्याचा भाव तेवढा चढा पडेल. बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा येथील काही प्रभागांतही २००८ साली असाच प्रयोग झाला.

येथे वाचक म्हणतील की, चोवीस तास नळ चालू म्हणजे उधळपट्टीच. वस्तुतः उलट घडते. पाणी दोनच तास येणार म्हटले की आपण दिसेल ते भांडे भरतो आणि दुसऱ्या दिवशी ताजे आले की कालचे ओतून देतो. शिवाय नळ रिकामा पडला की भेगांतून गटाराची घाण आत शोषली जाते. नळात सदैव दाब असला की ती आत शिरू शकत नाही. पाणी तुपासारखे वापरावे अशी आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे. मीटर तीच शिकवण आकड्यांत सांगतो.

पेडण्याच्या लोकांस तर हे विशेष सांगावयास नको. तिळारीचे धरण शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात. तेथून कालव्याने पाणी गोव्यात येते, आणि कालव्याला भगदाड पडले की त्याची झळ चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पास व पर्यायाने पेडण्याच्या नळांस लागते. त्यातच मोपाचा विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळामागोमाग हॉटेले, वाहने, कामगारांची वस्ती व कचरा येतोच. मागणी वाढल्यावर साठा शोधणारा व्यापारी आणि मागणी वाढण्यापूर्वी साठ्याची तजवीज करणारा व्यापारी, यांतला भेद आपण जाणतो. नियोजन म्हणजे दुसऱ्याची रीत.

आता एक घरची गोष्ट सांगतो, जी सांगताना आम्हांस आजही संकोच वाटतो. आमचे गोदाम ओहोळापासून फार दूर नाही. ज्या ज्या वर्षी पुराचे पाणी आत शिरे, त्या त्या वर्षी आमचे तीर्थरूप पाणी जेथवर चढले तेथे भिंतीवर कोळशाने रेघ ओढीत व बाजूस साल लिहीत. पहिली थप्पी नेहमी सर्वांत वरच्या रेघेहून उंच फळ्यांवर रचावी, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या पश्चात एका दिवाळीस आम्ही गोदामास चुना काढविला. भिंत स्वच्छ दिसू लागली; रेघा गेल्या. पुढे जागा वाचविण्यासाठी फळ्याही ठेंगण्या केल्या. दोन-तीन पावसाळे कोरडे गेले आणि आम्ही निर्धास्त झालो. मग एका आषाढात रात्रभर पाऊस कोसळला, आणि पहाटे दार उघडले तो गुडघाभर पाणी! खालचे दोन थर भिजले. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून असलेला वृद्ध हमाल भिंतीकडे पाहत एवढेच म्हणाला, “शेट, ती रेघ खंय गेली?”

पैशाचे नुकसान भरून निघाले. परंतु भिजलेल्या डाळीत पुढे जी जीवोत्पत्ती झाली, आणि ते सारे धान्य ज्या रीतीने टाकून द्यावे लागले, त्याचा सल गेला नाही. कोणास दोष देणार? नोंद होती, ती आम्ही आमच्याच हाताने पुसली होती.

आज नदीच्या काठी पाण्याची पातळी मोजणारे जे यंत्र बसवितात, ते दुसरे तिसरे काही नसून आमच्या वडिलांची कोळशाची रेघच आहे. फरक इतकाच की ही रेघ स्वतः बोलते. पाणी अमुक खुणेवर चढले की ती नियंत्रणकक्षास कळविते, आणि तेथून लोकांच्या फोनवर इशारा देता येतो. अंजुणे धरणाचे पाणी ज्या वाळवंटी नदीत येते, तिच्या काठच्या साखळीच्या बाजाराने पुराचे तडाखे सोसले आहेत. तेथे नाल्याचे तुंबलेले पाणी पंपांनी नदीत फेकण्याची व्यवस्था करण्यात आली आहे. पण पंप केव्हा सुरू करावा हे पातळी पाहूनच ठरते. धरणातून पाणी केव्हा सोडले, पाऊस किती पडला आणि भरती केव्हा आहे, या तिन्ही नोंदी एकाच ठिकाणी आल्या तर बाजारास माल हलविण्यास दोन-तीन तास मिळू शकतात. दोन-तीन तासांत किती पोती वरच्या माळ्यावर जातात हे आपण जाणतोच.

तथापि यंत्र आणले म्हणजे सारे झाले, असा भ्रम होऊ नये. पणजीत २०२२ ते २०२४ या काळात गटारे, नळ व रस्ते यांची कामे एकाच वेळी निघाली. धूळ व खोदाईने नागरिक त्रस्त झाले, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी स्वतः हिंडून कामांची पाहणी केली. यातून घेण्याचा धडा असा की, कामांचा क्रम हाच नियोजनाचा आत्मा आहे. दुसरा धडा खर्चाचा. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, पण त्याची वीज, दुरुस्ती व ते पाहणाऱ्या माणसाचा पगार दरसाल द्यावा लागतो. ज्या आराखड्यात खरेदी आहे पण देखभाल नाही, तो आराखडा नव्हे. ती केवळ खरेदीची यादी होय.

आणि उत्पन्नाचे काय? २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रक उभे राहिले व डिचोलीच्या बाजारावर अवकळा आली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने खाणकाम पुन्हा थांबले. एकाच पेढीवर सारी उधारी ठेवू नये हे आपण मुलांस शिकवितो. गावासही ते लागू आहे. सुमारे १७ हजार वस्तीच्या डिचोलीसारख्या नगरास घरपट्टी, व्यवसाय परवाना व बाजाराचा सोपो हेच विश्वासाचे उत्पन्न. त्याची छापील पावती मिळावी हा आपला हक्क आहे. पण तो वेळेवर भरणे हे आपले कर्तव्यही आहे. फुकट सेवा मागावयाची आणि ती उत्तम नाही म्हणून तक्रार करावयाची, ही व्यापाऱ्याची भाषा नव्हे.

म्हणून सभासदांपुढे तीन अल्प सूचना ठेवून हा लेख आटोपता घेतो. पहिली : बाजारातील प्रत्येक गोदामात पुराची उंची दाखविणारी ठळक रेघ सालासह रंगवावी, व पावसाळ्यात एकमेकांस निरोप देण्याची साखळी फोनवर तयार ठेवावी. दुसरी : एक महिनाभर प्रत्येक दुकानाने ओला व सुका कचरा वेगळा ठेवून रोज त्याचे वजन लिहावे, काटा तर प्रत्येकाकडे आहेच. कचरागाडी किती वेळा व केव्हा यावी हे त्या आकड्यांवरून ठरेल. तिसरी : माल उतरविण्याच्या वेळा आपसांत ठरवून घ्याव्यात, म्हणजे सकाळी मुले शाळेस निघतात त्या घटकेला रस्त्यात ट्रक उभे राहणार नाहीत.

या तिन्ही गोष्टींस सरकारी मंजुरी लागत नाही, की कोट्यवधी रुपये लागत नाहीत. महिन्याची वही भरली की ती घेऊन आपण नगरपालिकेकडे जाऊ. रिकाम्या हाताने केलेली तक्रार ऐकली जाईलच असे नाही. पण आकडे मांडलेली वही सहसा कोणी परत करीत नाही. स्मार्ट यंत्रे येतील तेव्हा येवोत. ती आली म्हणजे त्यांना लिहिण्यास वहीचे पहिले पान आपण तयार ठेवलेले असावे.

आमच्या गोदामात ती रेघ आता पुन्हा काढली आहे, तेलरंगाने. चुना काढणाऱ्यास ताकीद आहे.

लेखनात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.