ठासणीच्या बंदुकीची निगा

१९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना घेऊन पिकाच्या राखणीसाठीं बाळगलेली ठासणीची बंदूक गंजानें बिघडते. सोरा, कोळसा व गंधक यांची दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें उरतो, व त्यांतील क्षार हवेंतील ओल शोषितात. ते पाण्यांत विरघळतात, तेलांत नव्हे. म्हणून नुसतें तेल चोपडणें व्यर्थ होय.

प्रथम टोपी काढावी. गज नळीच्या तळाशीं टेकवून तोंडाशीं खूण करावी व तो बाहेरून लावून पाहावा. टोपीच्या पुंगळीपर्यंत न पोंचल्यास आंत बार आहे असें समजून काम थांबवावें. नळी रिकामी असल्यास पुंगळी काढून, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत नळी कढत पाण्यानें धुवावी. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यांत हें त्याच दिवशीं उरकावें. गंजानें पोखरलेली नळी फुटल्यास धन्याच्याच जिवावर बेतते.