उत्तर कॅनडात गावाचा दर्जा कशावरून ठरतो?

मॅकेन्झी नदीकाठच्या नॉर्मन वेल्सची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत सातशेसुद्धा भरली नाही. तरीही सरकारदरबारी त्याची नोंद ‘टाउन’ अशी आहे. त्याच जनगणनेत आर्क्टिक समुद्राकाठच्या तुक्तोयाक्तुकमध्ये नऊशेहून अधिक माणसं होती. ते मात्र ‘हॅम्लेट’, म्हणजे पालिकांच्या उतरंडीत बरंच खाली. दोन्ही गावं कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या एकाच प्रदेशातली. मग माणसं कमी असलेल्या गावाला वरचा दर्जा कसा?

नॉर्मन वेल्सपाशी १९२० साली खनिज तेल सापडलं. पुढे १९८०च्या दशकात मॅकेन्झीच्या पात्रात कृत्रिम बेटं उभारून तिथून तेल काढायला सुरुवात झाली आणि १९८५मध्ये हे तेल थेट अल्बर्टा प्रांतात नेणारी वाहिनी सुरू झाली. गाव लहानच राहिलं, पण ज्यावर कर लावता येईल अशी मालमत्ता तिथे भरपूर उभी राहिली. या प्रदेशातल्या पालिका कायद्याचा कटाक्ष नेमका तिथे आहे. गावातल्या करपात्र मालमत्तेचं मूल्य १ कोटी डॉलरच्या वर गेलं की ‘व्हिलेज’, ५ कोटींच्या वर ‘टाउन’ आणि २० कोटींच्या वर ‘सिटी’ होता येतं. पालिका स्थापन करण्याचा प्रस्ताव संबंधित खात्याचे मंत्री स्वतः मांडू शकतात किंवा मतदानाचा हक्क असलेले किमान २५ रहिवासी तशी मागणी करू शकतात.

लोकसंख्येचा निकष इथे फारसा कामाचा नाही. प्रदेशाचं क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. माणसं मात्र २०२१च्या जनगणनेत जेमतेम ४१ हजार, आणि त्यातली निम्मी एकट्या यलोनाइफ या राजधानीत. एकूण ३३ वस्त्यांपैकी यलोनाइफ ही एकच सिटी. हे रिव्हर, फोर्ट स्मिथ, इनुविक आणि नॉर्मन वेल्स ही चार टाउन, तर फोर्ट सिम्पसन हे एकमेव व्हिलेज. मालमत्ता कर स्वतः आकारून वसूल करतात त्या या सहाच पालिका. बाकी ठिकाणी हा कर प्रादेशिक सरकार गोळा करतं आणि स्थानिक परिषदांचा गाडा मुख्यतः सरकारी अनुदानावर चालतो.

वरचा दर्जा म्हणजे जास्त अधिकार, पण खर्चाची जबाबदारीही जास्त. आणि उत्तरेत साधं पाणी पुरवणंदेखील फार महाग पडतं. इथली बरीचशी जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते. पाण्याची वाहिनी पुरली तर पाणी गोठतं. ते गोठू नये म्हणून गरम ठेवलं तर भोवतालचा बर्फ वितळून जमीन खचते. म्हणून बहुतेक हॅम्लेटमध्ये टँकर दारात येऊन घरातली टाकी भरतो. सांडपाणी दुसऱ्या टाकीत साठतं आणि ते उपसायला दुसरी गाडी येते. उणे तीस अंशांतही या फेऱ्या चुकवून चालत नाही.

इनुविकने वेगळा मार्ग धरला. तिथे पाण्याच्या आणि मैल्याच्या वाहिन्या उष्णतारोधक आवरणात घालून, खांबांवरून, जमिनीच्या वरून घरोघर नेल्या आहेत. घरंही खांबांवर उभी आहेत, म्हणजे खालून थंड वारा खेळतो आणि जमीन गोठलेलीच राहते. हे गाव मुळी सरकारने १९५०च्या दशकात आखून वसवलं, कारण जवळच्या अक्लाविकला पुराचा धोका होता. इनुविक १९६७मध्ये व्हिलेज झालं आणि १९७०मध्ये टाउन. अक्लाविकच्या अनेक रहिवाशांनी आपली जागा सोडायला साफ नकार दिला. ते गाव आजही नांदतं आहे, हॅम्लेट म्हणून.

मालमत्तेच्या या मोजपट्टीत एक मोठी गोष्ट सुटते. या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मासेमारी करत आलेल्या मूलनिवासींचा हक्क कुठल्याही करपात्र मूल्यात मोजला जात नाही. तो मिळवण्यासाठी त्यांना वाटाघाटींचा रस्ता धरावा लागला.

त्यांपैकी त्लिचो लोकांचा कॅनडाशी आणि प्रादेशिक सरकारशी झालेला करार ४ ऑगस्ट २००५ रोजी अमलात आला. सुमारे ३९ हजार चौरस किलोमीटर जमिनीची मालकी त्यांना मिळाली आणि त्यांच्या चारही गावांत नव्या प्रकारची स्थानिक सरकारं आली. गावाचा प्रमुख त्लिचो नागरिकच असला पाहिजे. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही परिषदेवर निवडून येता येतं, मात्र निम्म्याहून जास्त जागा त्यांच्याकडे जाऊ शकत नाहीत. ग्रेट बेअर सरोवराकाठच्या देलिनेने २०१६मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे पालिका, मूलनिवासींची परिषद आणि जमिनीचा कारभार पाहणारी संस्था असे तीन कारभार वेगवेगळे चालत. १ सप्टेंबर २०१६पासून ते एका सरकारात विलीन झाले. देलिनेची लोकसंख्या सहाशेच्या आत आहे, पण या सरकारला पालिकेच्या कामांपलीकडे शिक्षण, भाषा अशा विषयांतही कायदे करण्याचा अधिकार आहे.

एवढा अधिकार २० कोटी डॉलरची अट पार केलेल्या यलोनाइफच्या पालिकेकडेही नाही. म्हणून या प्रदेशाचा कारभार समजून घ्यायचा तर पालिका कायद्यातले आकडे पाहून भागत नाही. मूलनिवासींशी झालेले करारही शेजारी ठेवून वाचावे लागतात.