चाळिशीनंतर पुन्हा वर्गात : संज्ञापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी



बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या भागांतून आमच्याकडे येणाऱ्या विचारणांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. विचारणारी कॉलेजची मुले नव्हेत, त्यांचे आईवडील आहेत. वीस वर्षे हिशेब विभागात, कारखान्याच्या कचेरीत वा औषधविक्रीत काढल्यावर ते पत्रकारिता, जनसंपर्क, जाहिरात या क्षेत्रांत येऊ पाहतात आणि त्यासाठी पुन्हा शिकावे काय, असे विचारतात. घराचे हप्ते चालू असतात, मुलगी बारावीत असते. म्हणून उत्तर जबाबदारीने द्यावयास हवे.

पदव्युत्तर प्रवेशासाठी बहुधा कोणत्याही शाखेची पदवी चालते; वाणिज्य पदवीधरास दार बंद नाही. खरा निर्णय पदविका घ्यावी की एम.ए. करावे, हा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामाजिक संपर्क माध्यमांवरील आदेश ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही येशूसंघीयांची संस्था उभी राहिली. अशा संस्थांची पदविका प्रत्यक्ष कामावर भर देते. मात्र पुढे महाविद्यालयात शिकविण्याचा मानस असेल तर पदविका पुरत नाही. नेट परीक्षेस पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या प्रवर्गास त्यात ५५ टक्के गुण लागतात. सहायक प्राध्यापकपदासाठी या परीक्षेस वयाची वरची मर्यादा नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीस मात्र ती आहे.

मुंबई विद्यापीठाचे नियमित एम.ए. दोन वर्षांचे असते आणि ७५ टक्के उपस्थितीचा नियम नोकरी करणाऱ्यास जड जातो. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, पत्रकारिता व जनसंज्ञापनातील एम.ए.चा विचार करावा. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण घरबसल्या म्हणजे सोपे, असा समज नको. इग्नूच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयास १२० तास झाले; रोज एक तास दिला तरी चार महिने जातात. विरारच्या गाडीत उभ्याने वाचलेले आम्ही त्यात धरीत नाही!

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ मध्ये 'सुवार्ता' मासिकाचे संपादकपद स्वीकारले तेव्हा ते चाळिशीत पोहोचले होते, आणि २००७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. अर्थात त्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते नव्हते, हे मान्य करावयास हवे.

वर्गात शेजारी बावीस वर्षांची मुले असतील. मुंबई विद्यापीठाने २००० साली सुरू केलेला माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम (तेव्हाचे बी.एम.एम.) आज बी.ए.एम.एम.सी. म्हणून चालतो, तो करून आलेल्यांचा हात कॅमेरा आणि संकलनावर सहज चालतो. त्यांच्याशी तेथे स्पर्धा करू नये. नवख्या वार्ताहराचे वेतन वयाकडे पाहून ठरत नाही, आणि छापील वृत्तपत्रांतील जागा आटल्या आहेत. आमचे मत असे की आपले जुने क्षेत्र सोडून जाण्याऐवजी ते सोबत न्यावे. औषधविक्री केलेल्याने आरोग्यविषयक संज्ञापनाकडे वळावे. हिशेब जाणणाऱ्याने गुंतवणूकदारांसाठीचे अहवाल सोप्या भाषेत मांडण्याचे काम शोधावे. रुग्णाला समजेल असे मराठी पत्रक लिहिणारा आणि औषधांची नावेही जाणणारा माणूस सहज मिळत नाही. मराठी व इंग्रजी दोन्ही लिहिता येणे, हे आपल्या कुटुंबांतील अनेकांचे भांडवल आहे. ते आजवर फक्त अर्ज भरण्यापुरते वापरले गेले.

शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. घरात बसून दोन वर्षांच्या खर्चाचा कागद पत्नी वा पतीसमोर मांडावा. आणि राजीनामा देण्याआधी सध्याच्याच कचेरीत वार्तापत्र, परिपत्रक, वार्षिक अहवाल यांचे काम मागून घ्यावे. सहा महिने ते आवडले तरच अर्ज करावा. इग्नूचे प्रवेश जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत होतात, तेव्हा जुलै हुकला तरी वर्ष वाया जात नाही.